फोटोतली चमेली

शॉट चालू असताना ती म्हातारी थांबली. थांबायचं नव्हतं. सौंदडहून सकाळच्या गाडीने आणलेल्या बायकांना एवढंच सांगितलं होतं, की फोटो स्टुडिओच्या काचेसमोरून बाजाराला निघाल्यासारखं चालत जायचं, आपसात बोलायचं, काचेत लावलेल्या फोटोंकडे बघायचं नाही. दोनदा त्या तशा गेल्याही. तिसऱ्यांदा हिरव्या लुगड्यातली एक म्हातारी, पिशवी छातीशी धरून चालत असलेली, काचेपाशी आली आणि तिथेच उभी राहिली. मागची तिच्यावर आदळली, तिच्या मागची हसली, पुढे गेलेल्या दोघी मान वळवून परत आल्या, आणि कॅमेऱ्यासमोर बाजार उरला नाही, एका बाईभोवती जमलेल्या बायका उरल्या. हेमराजने कट म्हटलं. त्याची असिस्टंट दिव्या धावत गेली. म्हातारीच्या खांद्याला हात लावून ती समजावू लागली, की आजी, हा चमेलीचा फोटो आहे, सिनेमातल्या भुताचा, पण तुम्हाला ते माहीत नाही असं धरायचं, तुम्ही नुसतं पुढे जायचं. म्हातारी काचेवरून नजर न काढता म्हणाली,

"चमेली तं मी हाये. हे रुख्मा हाये. माही बहीन."

हे वाक्य हेमराजला कानाने ऐकू आलं असं म्हणता येणार नाही. तो गोदामाच्या दुसऱ्या टोकाला, काळ्या कापडाच्या आडोशात मॉनिटरपुढे बसला होता. डोक्यावर हेडफोन होते, आणि काचेच्या चौकटीमागे दडवलेल्या माइकने ते शब्द उचलून सरळ त्याच्या डोक्यात आणून ठेवले. बाहेरून येणाऱ्या आवाजाला दिशा असते. ह्याला नव्हती. त्यामुळे पहिल्यांदा त्याला वाटलं की आपल्यालाच काहीतरी आठवलं. पंचाहत्तरी उलटल्यापासून त्याचं असं होत असे. एखादा माणूस गेलाय की आहे, एखादं भांडण आपल्या घरात झालं की आपल्या कुठल्याशा सिनेमात, हे पटकन उमगत नसे. मग तो कोणाला न विचारता थोडा वेळ गप्प बसे, आणि बहुतेक वेळा गोष्टी आपापल्या जागी जाऊन बसत. आत्ताही तो तसाच बसला. मॉनिटरवर फोटोतली मुलगी दिसत होती आणि तिच्यासमोर, काचेत हललेल्या सावलीसारखी, म्हातारीची पाठ. गोष्टी जागेवर जाईनात. हा सिनेमा त्याचा शेवटचा होता, हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं. नऊ वर्षं काहीच न करता घरी बसल्यावर तो एकदम भुताची गोष्ट घेऊन उठला, तेव्हा लोकांना नवल वाटलं होतं. आयुष्यभर माणसांच्या, साध्या घरांच्या गोष्टी सांगणाऱ्याला म्हातारपणी भूत कसं सुचलं, असं एका मुलाखतीत विचारलं गेलं, तर तो म्हणाला होता, माझे सगळेच सिनेमे भुताचे होते, ह्या वेळी फक्त सांगून करतोय. वाक्य छान होतं. आपल्याला ते खरं वाटतं का, हे त्याने तेव्हाही तपासलं नव्हतं. गोष्ट साधी होती: गोंदियातला एक फोटोग्राफर, त्याच्याकडे लग्नासाठी फोटो काढून घ्यायला आलेली मुलगी, फोटो न्यायच्या आधीच ती मरते, आणि हा वेडा रोज त्या निगेटिव्हची नवी प्रत काढत राहतो, तर एके दिवशी ती फोटो न्यायला येते. मुलीचं नाव चमेली. कारण त्या मुलीचं नावच चमेली होतं.

ते नाव त्याने आपल्या कानाने ऐकलं होतं, त्याच्या मामाच्या स्टुडिओत. शालीकराममामाचा स्टुडिओ गोंदियाच्या बाजारात, कापडाच्या दुकानांच्या ओळीत वरच्या मजल्यावर होता, आणि कॉलेजच्या सुट्टीत हेमराज तिथे पडेल ते काम करायचा. जिन्यात पाय ठेवला की हायपोचा, फोटो पक्का करायच्या रसायनाचा, वास यायचा, आंबट, थोडासा लोखंडासारखा. नंतर मुंबईत कित्येक लॅबमध्ये तोच वास आला तेव्हा त्याला वाटायचं, आत्ता कोणीतरी वर येईल. त्या दिवशी दोघी वर आल्या. बाप खाली पानठेल्यावर थांबला होता. आमगावकडचे लोक, पवार, घरची बरी शेती असलेले. भिलाईला कारखान्यात नोकरी करणाऱ्या मुलाने मुलगी बघायला यायच्या आधी फोटो मागितला होता, तेवढ्यासाठी हे सगळं. मामाने तळ्याचा आणि कमळांचा पडदा सोडला, स्टूल ठेवलं, काळ्या कापडाखाली डोकं घातलं. हेमराज कॅमेऱ्याच्या बाजूला चकचकीत पत्रा धरून उभा, दिव्याचा उजेड चेहऱ्यावर फिरवायला. मामा कापडाखालून हिंदीत ओरडत होता, हिलना मत बाई, सीधा देखो. आणि मग ते सगळं, जे त्याने पुढे पन्नास वर्षं उगाळलं: कोणीतरी त्याला हळूच विचारलं, हात नाही का दुखत, त्याने सांगितलं, दुखतो, कोणीतरी म्हटलं, मग खाली ठेवा, ती काय राणी आहे का. कोणीतरी हसलं. कोणीतरी हाक मारली, चमेली. एवढंच. अर्धा तास असेल. मग एक फोटो, त्यातली कॅमेऱ्याच्या किंचित बाजूला, म्हणजे पत्रा धरलेल्या मुलाकडे पाहणारी नजर, आणि ते तोंड. ओठ घट्ट मिटलेले, खालचा जरा आत ओढलेला, काहीतरी भयंकर दुःख आतल्या आत आवळून धरल्यासारखे. हेमराजने अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली तो चेहरा पाण्यातून वर येताना पाहिला, आणि एक जादा प्रत काढून ठेवली. पावसाळ्यानंतर तो परत आला तेव्हा मामा म्हणाला, ती फोटोवाली पोरगी गेली रे, तापाने. फोटोवाली. मामाने नाव घेतलं नव्हतं. हे त्याला आज, आत्ता, हेडफोन डोक्यावर असताना पहिल्यांदाच लक्षात आलं.

त्याने जेवणाची सुट्टी जाहीर केली. एवढ्यात कशाला, असं लाइटवाले एकमेकांना विचारत राहिले. बंद पडलेल्या राइस मिलचं ते गोदाम, अजून कोंड्याचा वास भिंतींत मुरलेला. आत बाजाराची ओळ आणि मामाचा स्टुडिओ लाकडी फळ्यांत उभा केलेला. तो खऱ्याइतका खरा झाला होता की काय, हेही हेमराजला सांगता येत नव्हतं, कारण मूळ स्टुडिओ आता त्याला ह्या सेटसारखाच आठवू लागला होता. म्हातारी काचेपुढच्या पायरीवर बसली होती. इतर बायका पत्रावळी घेऊन पंगतीला गेल्या होत्या. हिने शिदोरी आणली होती आणि ती न सोडता मांडीवर ठेवली होती. तो जवळ गेला तर तिने वर पाहून त्याला जागा करून दिली, जणू ती पायरी तिच्या घरची होती. तो बसला. गुडघे वाजले. तिचा चेहरा त्याने जवळून पाहिला. त्यात काही ओळखीचं सापडतं का हे शोधायचं म्हणजे काय शोधायचं, हेच त्याला कळेना, कारण त्याच्याजवळ ताडून पाहायला चेहरा होता तो एकच, आणि तो हिचा नव्हता म्हणे. नाक बसकं, हनुवटीवर गोंदणाचा हिरवा ठिपका, डोळे बारीक आणि कोरडे. ती रडत नव्हती. त्याने तिला विचारलं, स्टुडिओत तुम्ही दोघी आला होतात का. तिने सांगितलं, हो, आम्ही दोघी अन् आमचे बाबाजी. फोटो रुख्माचा काढायचा होता, ती मोठी, लगन तिचं होतं. मी आपली सोबत. मला कोण बसवतं खुर्चीवर.

म्हणजे जी स्टुलावर बसली होती ती बोलली नव्हती. जी बोलली होती ती बसली नव्हती. इतकं सोपं होतं, आणि तरी हेमराजला ते पुन्हा पुन्हा बोटांवर मोजल्यासारखं मोजावं लागलं. हात नाही का दुखत, हे फोटोत न आलेल्या मुलीने विचारलं होतं, त्याच्या डाव्या कोपराशी उभं राहून. तिचा वास, बहुतेक खोबरेल तेलाचा, तिथून येत होता. तिकडे बघायची चोरी होती, कारण पत्रा हलला असता. त्याने तिला डोळ्यांच्या कडेने पाहिलं असेल, तुकड्यातुकड्याने, बांगडी, मनगट, चपलांचा जोड हातात धरलेला. आणि समोर, पुरत्या उजेडात, दुसरी बसलेली. मग हिचं ऐकलेलं सगळं त्याने तिच्या दिसलेल्या चेहऱ्यात कधी ओतलं? लाल दिव्याखाली? की मामाने ती गेली म्हटलं तेव्हा? मेलेल्या मुलीला आवाज लागतो, म्हणून उचलून दिला असेल. मुंबईला जाताना ट्रंकेत तो फोटो होता. पहिल्या सिनेमातल्या नायिकेला त्याने ओठ असेच आवळायला लावले होते, दुसरीला नजर अशीच बाजूला टाकायला. समीक्षकांनी त्यावर लिहिलं. त्याची बायको मंजू, पाच वर्षांपूर्वी गेलेली, तिने लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी हे कोण म्हणून विचारलं होतं आणि त्याने सगळं खरं सांगितलं होतं. निदान तसं त्याला वाटलं होतं. मंजूने फोटोला चौकट करून आणली. मेलेल्या बाईचा काय मत्सर करायचा, म्हणाली. आणि आता ही पायरीवर बसून शिदोरीची गाठ सोडत होती, भाकरी, मिरचीचा ठेचा, कांदा, आणि अर्धी भाकरी न विचारता तिने त्याच्या हातावर ठेवली. मंजूने काय केलं असतं, ह्याचा त्याला अंदाज येईना. मंजू हसली असती. की चौकट उतरवली असती. मंजूचा चेहरा आठवायला गेलं की आधी हा फोटो मध्ये यायचा, हे त्याने मंजूला कधी सांगितलं नव्हतं. तिला ते माहीत होतं, असं आज वाटलं.

जेवण झाल्यावर म्हातारीने सांगितलं की आता काही ती त्या काचेसमोरून चालणार नाही, घरी जाईल. परतीची गाडी संध्याकाळी होती. युनिटच्या गाड्यांपैकी दोन कचारगडच्या जत्रेतल्या गर्दीत अडकून पडल्या होत्या, राहिलेली हेमराजची. दिव्याने त्याला बाजूला घेऊन विचारलं की ड्रायव्हर सोडून येईल, तुम्ही कशाला, रीनाचा स्टुलावरचा शॉट आजच घ्यायचाय. रीना म्हणजे भुताचं काम करणारी, नागपूरच्या नाटकांतून आलेली मुलगी. ती मेकअप करून सकाळपासून वाट बघत होती. हेमराज म्हणाला, येतो मी. किती वेळात येतो हे तो बोलला नाही, आणि दिव्याने विचारलं नाही, पण तिच्या तोंडावर जे आलं ते त्याने पाहिलं. सर आता दमलेत, असं काहीतरी.

गाडीत म्हातारी खिडकीला टेकून, पाय वर घेऊन बसली. गाव सुटलं. दोन्ही बाजूंना उन्हाळी धानाची रोवणी चाललेली, पाणी भरलेल्या बांध्यांत बायका ओणवलेल्या. बराच वेळ ती त्यांच्याकडेच बघत होती आणि कोणाचं रोवणं चांगलं, कोणाचं दाट झालं, हे स्वतःशी पुटपुटत होती. मग तिने आपणहून सांगायला सुरुवात केली, आणि हेमराजला विचारायची गरज उरली नाही. रुख्मा भादव्यात गेली. भिलाईवाल्याने तोवर फोटो बघून होकार कळवला होता. दोन्हीकडच्या बापांनी ठरवलं, मोठी गेली तर धाकटी आहे. मार्गशीर्षात लगन झालं आणि चमेली भिलाईच्या क्वार्टरमध्ये गेली. तिथे भिंतीवर रुख्मा होती. नवऱ्याने काढली नव्हती. माणूस वाईट नव्हता, म्हणाली ती, दारू नाही, हात उचलला नाही, पण जेवताना डोळे वर जायचे त्याचे. वर्षभर तिने पाहिलं. मग एक दिवस तो ड्यूटीवर गेल्यावर फोटो चुलीत घातला. त्याने आल्यावर भिंतीकडे पाहिलं, मग चुलीकडे पाहिलं, आणि पुन्हा कधी तो विषय निघाला नाही, तो मरेपर्यंत. पेन्शनीवर सौंदडला आपल्या गावी आला, तिथेच गेला. हे सगळं तिने रोवण्याबद्दल बोलावं तसं सांगितलं. फक्त एका ठिकाणी ती अडली.

"तवा बरं वाटलं. मंग दुसऱ्या साली रुख्माचा चेहरा आठवे नाई. लई आठवून पाह्यला. माह्या मायलेबी नाई सांगता ये, कसी होती थे. दुसरा फोटोच नोता. म्हटलं, बहीन आपन दोनदा जाळली."

हेमराजने बॅग पुढे ओढली. त्याच्या बॅगेत मूळ फोटो होता, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, कडा झिजलेल्या. सेटवरच्या काचेतला त्याच्यावरून मोठा केलेला होता. त्याने तो काढून तिच्या मांडीवर ठेवला. तिने पदराने आधी हात पुसले, मग फोटो उचलला आणि लांब धरला, जवळ धरला, कडेला वळवून उजेडात धरला. गाडीने एक रेल्वे फाटक ओलांडलं, तरी तिची नजर हलली नाही. मग तिने विचारलं, जे त्याला वाटलंच होतं की कोणीतरी एक दिवस विचारणार; फक्त ही विचारेल असं वाटलं नव्हतं. एवढा सिनेमा तुम्ही रुख्मावर कायले काढून राहिले भाऊ, तुमची कोन होती थे? भाऊ. गोंदियाकडे कोणालाही म्हणतात तसं. त्याने तोंड उघडलं. मुलाखतींतून दिलेली उत्तरं होती, मंजूला दिलेलं होतं, दिव्याला पटकथा वाचून दाखवताना दिलेलं होतं, आणि ती सगळी ह्या बाईपुढे कुठल्या तरी दुसऱ्या माणसाची वाटू लागली. तो म्हणाला की त्याला वाटत होतं फोटोतली मुलगी म्हणजे चमेली. जी माझ्याशी बोलली ती. ती गेली असं मला सांगितलं होतं. तिने फोटो खाली केला आणि पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं.

"मी? मी कायले मरतो? मी तं घरीच होतो. मार्गशीर्षापर्यंत घरीच होतो, माह्या लगनापर्यंत." आणि थोडं थांबून, रागाने नव्हे, हिशेब चुकलेल्याला सांगावं तसं: "विचारायचं ना मंग. आमगाव काय दूर हाये का गोंदियाहून?"

विचारायचं ना मग. आगगाडीत बसून दोन स्टेशनं जायचं. एखाद्याला विचारायचं, चमेलीचं घर कोणतं. हेमराजला ते सुचलं नव्हतं, एकदाही नाही. आणि आता का सुचलं नाही ह्याच्या तळाशी जाऊ लागल्यावर त्याला खाली पाय टेकेनात. दुःख एवढं मोठं होतं म्हणून? की दुःख बरं वाटलं होतं, जिवंत मुलीच्या दारात जाऊन उभं राहण्यापेक्षा? मेलेल्या मुलीने काही विचारलं नसतं. तो बावीस वर्षांचा होता. ती गेल्याचं ऐकून जो मुलगा लाल दिव्याखाली रडला होता तो खोटं रडला नव्हता, ह्याची त्याला खात्री होती. पण कोणासाठी रडला होता, हे आता तो मुलगाच येऊन सांगेल तर. बाहेर पळसाला फुलं आली होती की नव्हती, त्याने पाहिलं नाही. म्हातारी पुन्हा फोटोत गुंगली होती, आणि एकाएकी तिने फोटो मांडीवर ठेवला. तिने तोंडाला पदर लावला. खांदे गदगदू लागले. हेमराजला वाटलं, आता रडतेय, बरं झालं. त्याने ड्रायव्हरला गाडी हळू घ्यायला सांगितलं. तिने पदर काढला तर ती हसत होती.

मग तिने जे सांगितलं ते तिच्या दृष्टीने गमतीचं होतं. रुख्मा त्या कॅमेऱ्याला घाबरली होती. काळ्या कापडातून माणूस ओरडतोय आणि काचेचा डोळा रोखलेला. ती सारखी पापण्या मिटायची, फोटोवाला चिडायला लागला, प्लेट वाया जातात म्हणून. तेव्हा चमेलीने बहिणीला पवारीत, त्यांच्या घरच्या बोलीत, सांगितलं, मामाला कळू नये म्हणून, की त्या डब्याकडे बघू नकोस, ह्या पत्रा धरलेल्या पोट्ट्याच्या गळ्याकडे बघ. कशी घाटी वर-खाली, वर-खाली करून राहिली, झाडावर सरडा चढतो तशी. तिने पाहिलं आणि तिला हसू आलं. असं हसू, की आता फुटणार. चमेलीने डोळे वटारले, हसशील तर भिलाईवाले म्हणतील पोरगी उठवळ आहे. तिने ओठ आवळले. तेवढ्यात फोटो निघाला. "हे पाहा ना," असं म्हणत म्हातारीने बोट फोटोतल्या तोंडावर ठेवलं, "हे हासू दाबून राहिली. घरी जातपर्यंत हासली मंग. बैलबंडीत लोळे." हेमराजने वाकून पाहिलं. खालचा ओठ आत ओढलेला. गाल किंचित भरलेले. नाकपुड्या. ज्या तोंडावर त्याने आयुष्य काढलं होतं ते तोंड होतं, कणभरही बदललेलं नव्हतं; आणि त्यात दुःख बघायला गेलं की दुःख होतं, हसू बघायला गेलं की हसू. त्याने दोनतीनदा तसं करून पाहिलं. आपली घाटी तेव्हा वर-खाली का होत होती, हे त्याला पक्कं माहीत होतं. आजच्या दिवसात तेवढी एकच गोष्ट पक्की होती. बोलावं असं वाटलं. शेजारी ती होतीच, तीच, डाव्या कोपराशी, आणि सांगितलं असतं तर तिला त्याचीही गंमतच वाटली असती. त्याने आवंढा गिळला आणि खिडकीची काच खाली केली.

सौंदडला स्टेशनाच्या अलीकडे तिने गाडी थांबवायला लावली, घरापर्यंत नको, लोक विचारतात. चहाला चला म्हणाली आणि नाही म्हटल्यावर पुन्हा म्हणाली नाही. फोटो तिने पिशवीत, शिदोरीच्या फडक्यात गुंडाळून ठेवला. परत द्यायचं तिच्या मनात आलं नाही आणि मागायचं त्याच्या. ती रस्ता ओलांडून, विटांच्या ढिगाला वळसा घालून दिसेनाशी झाली. मागे वळून पाहण्यासारखं तिला काही नव्हतं. परतीच्या वाटेवर ड्रायव्हरने दोनदा आरशातून त्याच्याकडे पाहिलं आणि शेवटी विचारलं, साहब, तबीयत ठीक है ना. हेमराज म्हणाला, ठीक आहे. मग त्याला वाटलं, आपण मराठीत बोललो की हिंदीत.

गोदामात सगळं तयार होतं. तळ्याचा आणि कमळांचा पडदा, स्टूल, त्यावर रीना. गोष्टीप्रमाणे मेलेली चमेली परत येऊन स्टुलावर बसते आणि म्हणते, माझा फोटो नीट आला नव्हता, पुन्हा काढा. फोटोग्राफर कापडाखाली शिरतो आणि तिथून तिला पाहतो. ह्या एका नजरेसाठी बाकीचा सिनेमा होता. रीना महिनाभर तयारी करत होती. हेमराजने तिला त्या ओठांबद्दल, त्या आवळलेल्या दुःखाबद्दल तासन्‌तास सांगितलं होतं, आणि तिने ते वहीत उतरवून घेतलं नव्हतं ह्याचं त्याला बरं वाटलं होतं, कारण उतरवण्याजोगं नव्हतंच. आता तिने त्याला विचारलं की दादा, मी नेमकं काय मनात धरू. दिव्या मॉनिटरपाशी उभी होती. सगळे त्याच्या उत्तराची वाट बघत होते. अशा वेळी तो बोलतो आणि ते ऐकण्यासारखं असतं, असा त्याचा लौकिक होता. तो म्हणाला, मला माहीत नाही. नंतर तो मॉनिटरकडे गेला नाही. कॅमेऱ्याच्या बाजूला लाइटवाल्याच्या हातातून उजेड परतवायचा पांढरा फळा मागून घेतला आणि स्वतः धरून उभा राहिला. लाइटवाला म्हणाला, साहब आप क्यूं. हेमराजने रीनाला सांगितलं, लेन्सकडे बघू नको. माझ्या गळ्याकडे बघ. आणि काही झालं तरी हसायचं नाही.

कॅमेरा सुरू झाला. शांतता पसरली, कोंड्याच्या वासासकट. फळा जड होता, हात दुखू लागला, डाव्या कोपराशी कोणी नव्हतं, आणि त्याचा घसा इतका कोरडा पडला की त्याने आवंढा गिळला. पुन्हा गिळला. रीनाची नजर तिथे खिळली. पंचाहत्तरी उलटलेल्या म्हाताऱ्याची सैल कातडीतली घाटी वर गेली, खाली आली, वर गेली. तिचे डोळे मोठे झाले. तिने खालचा ओठ आत ओढला. गाल किंचित भरले. तो तिच्यापासून चार हातांवर उभा होता आणि त्याला दिसत होतं की आता, ह्या क्षणी, मुलीला हसू आवरेनासं झालंय. त्याच वेळी मागून, काळ्या कापडाच्या आडोशातून, जिथे तो चेहरा पडद्यावर दिसत होता तिथून, दिव्याचा हुंदका ऐकू आला, आणि आणखी कोणाचा तरी. हेमराजला दोन्हीकडे एकदम वळता येईना. कट म्हणायचं त्याच्याकडे होतं. समोर रीनाचे ओठ सुटायला लागले, मागे कोणीतरी नाक ओढलं, आणि तो फळा तसाच धरून उभा राहिला.